फळीखालचा हात

प्लायमध्ये भोक पाडताना ड्रिलचा आवाज दोनदा बदलतो. बिट, म्हणजे ड्रिलचं टोक, लाकडात शिरलं की तो जाड होतो. पलीकडून बाहेर पडायला लागलं की एकदम पातळ, मोकळा होतो. कपाटाच्या फळ्यांसाठी भोकं पाडताना हा दुसरा आवाज यायलाच नको, कारण ही भोकं अर्ध्यात थांबवायची असतात. मी तो आवाज एका दुपारी सहा वेळा ऐकला. तो काय आहे हे मला पहिल्याच वेळी कळलं होतं, असं आज मी लिहिते. त्या दुपारी मी स्वतःला वेगळं सांगितलं होतं.

दोन हजार सालानंतरची पहिली दोन-तीन वर्षं. आमची शेड नाशिकच्या सातपूरला होती, पत्र्याची, मागे बाभळी आणि पुढे टेम्पो उभा राहील एवढी जागा. बाबा त्याआधी एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग करतात तिथे, होते. नव्वदच्या दशकात त्या कारखान्याला टाळं लागलं. टाळं लागेपर्यंत बाबा युनियनची पत्रकं लिहायचे आणि मी ती वाटायचे. मी अक्षरं शिकले तीच मुळी पत्रकांवर. जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी शाळेतली गणितं सोडवली. एका बाजूला त्रैराशिक आणि दुसऱ्या बाजूला ‘व्यवस्थापनाच्या मुजोरीचा निषेध असो’. जगात दोन बाजू असतात आणि आपण बरोबर बाजूला आहोत, याबद्दल मला बालपणापासून कधी शंका आली नाही.

टाळेबंदीनंतर बाबांनी नामपूरकडच्या एका मिस्तरींबरोबर फर्निचरचं काम सुरू केलं. मिस्तरीकाका कपाटं जोडायचे, बाबा कापायचे. मी बी. ए. झाले आणि ड्रिल हातात घेतलं. मुलीनं कसलं सुतारकाम करायचं, म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली, त्यामुळे मला ते काम जास्तच आवडलं.

वरखाली करता येणाऱ्या फळ्यांचं कपाट दिसायला सोपं असतं. दोन्ही भिंतींवर पुढे एक आणि मागे एक अशा भोकांच्या उभ्या रांगा. एका उंचीवरची चार भोकं म्हणजे एक घर. त्यात पितळेच्या छोट्या पिना खोचायच्या, चार पिनांवर फळी ठेवायची. पण चारांतलं एक भोक दोराभर वर गेलं तरी फळी डुगडुगते, आणि एक भोक सैल झालं तर ती कधीतरी घसरते. म्हणून आम्ही फर्मा वापरायचो. फर्मा म्हणजे सागाची एक अरुंद पट्टी, तिच्यावर दीड दीड इंचावर अचूक भोकं. तिच्या खालच्या टोकाला तांबडी फुली असायची. फुली नेहमी खाली. उलटी लावली तर एका भिंतीवरची भोकं दुसरीशी जुळत नाहीत.

बाकीचं मिस्तरीकाकांनी शिकवलं. आधी बिट फिरवायचं, मग टेकवायचं. टेकवून फिरवलं तर सनमायकाचा टवका उडतो. ड्रिल सरळ धरायचं, कोपर अंगाला लावायचं. आणि बिटावर चिकटपट्टी गुंडाळायची, ती लाकडाला लागली की थांबायचं. बाहेरच्या भिंतींसाठी पट्टी बारा एमएमवर. मधल्या उभ्या फळीला मात्र दोन्ही बाजूंनी भोकं पडतात, आणि प्लाय असते एकोणीस एमएमची. तिथे पट्टी आठवर आणायची. आणली नाही तर दोन्हीकडची भोकं आत एकमेकांना भेटतात.

“पट्टी सरकाव पहिले,” काका प्रत्येक वेळी म्हणायचे. मी कंटाळून म्हणायचे, “काका, मला माहीत आहे.”

आमच्या शेडमध्ये आणखी एक पद्धत होती. ती बाबांनी प्रेस शॉपमधून आणली होती. तिथे ज्यानं प्रेसवर डाय, म्हणजे साचा, बसवली त्यानंच पहिला तुकडा हातानं आत घालायचा, असं बाबांनी भांडून ठरवून घेतलं होतं. आमच्याकडे ज्यानं भोकं पाडली त्यानं कपाट जोडून झाल्यावर फळीखाली, कपाटाच्या तळावर, हात उपडा टेकवायचा. त्या फळीवर विटा रचायच्या. बाबा शंभरपर्यंत आकडे मोजणार. तोवर हात काढायचा नाही.

“हाई परीक्षा शे का शिक्षा?” मिस्तरीकाका त्यांच्या अहिराणीत विचारायचे.

“ज्याचं काम चोख त्याला परीक्षा,” बाबा म्हणायचे.

मला ही पद्धत फार आवडायची. मी मैत्रिणींना ती अभिमानानं सांगायचे.

त्या वर्षी देवळाली कॅम्पातल्या एका शाळेनं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी कपाट करायला दिलं. खाली ड्रॉवर, वर दोन कप्पे, मध्ये एक उभी फळी. माप द्यायला शाळेतल्या प्रयोगशाळेच्या मावशी स्वतः आल्या. बुटक्या, चपळ, नाकात मोरणी. त्यांचे यजमान तोफखान्यात नोकरीला होते. मावशींनी पिशवीतून एक सुतळी काढली. तिला गाठी होत्या.

“ही बारक्या बाटल्यांची उंची,” त्या म्हणाल्या, “ही चंबूंची. आणि ही मोठ्यांची. ॲसिडच्या.”

“कागदावर लिहून आणायचं ना मावशी,” मी म्हटलं.

“कागदावर आकडा चुकतो गं. सुतळी चुकत नाही. बाटलीला लावली, गाठ मारली, झालं.” मग मला नखशिखांत बघून, “तूच का ड्रिलवाली? आमच्या सरांना वाटलं, तुझे बाबा थट्टा करतात.”

बाबांनी विचारलं, “मोठ्या बाटल्या सगळ्यात खाली, ड्रॉवरच्या वर लगेच ठेवल्या तर?”

“तिथे चंबू ठेवायला सांगितलेत सरांनी. मोठ्या त्याच्या वरच्या फळीवर. माझ्या तोंडासमोर येतात, म्हणजे लेबल वाचायला बरं.” त्या हसल्या. “मला चष्मा लागलाय, पण तो मी शाळेत घालत नाही.”

मला तेव्हा या वाक्यात काही दिसलं नाही.

सोमवारी शाळेत तपासणीला साहेब येणार होते, म्हणून कपाट शनिवारी पोचायला हवं होतं. गुरुवारी मिस्तरीकाका लग्नासाठी नामपूरला गेलेले. बाबा बिजागऱ्या आणायला गावातल्या बाजारात, रविवार कारंज्याला गेले. मी एकटी. त्या काळात भारनियमन असायचं, आमच्याकडे तीनला वीज जायची ती रात्रीच यायची. बाहेरच्या दोन भिंती झाल्या तेव्हा अडीच वाजले होते. मधल्या फळीची एक बाजू मी पटापट उरकली. फळी उलटवली, फर्मा लावला, फुली खाली बघितली, आणि खालून पहिलं भोक घेतलं.

आवाज पातळ झाला.

प्लायमध्ये कधी कधी आतल्या थरांत फट असते. बिट त्या फटीत गेलं की आवाज असाच होतो. मी स्वतःला म्हटलं, फट आहे. दुसरं भोक घेतलं, पुन्हा तेच. आत बिट अडकलं आणि ड्रिलनं मनगटाला हिसका दिला. मी म्हटलं, केवढी फट ही, दुकानदारानं फसवलं. खालची तीन घरं, पुढची तीन आणि मागची तीन. सहावं भोक झाल्यावर मी फळी उचलून उजेडाकडे धरली. सहा ठिकाणांहून बाभळीचा पाला दिसत होता.

चिकटपट्टी बारावरच होती.

दोन्हीकडची भोकं नेमकी समोरासमोरही नव्हती, केसभर इकडे तिकडे होती. त्यामुळे बिट आत हिसकलं आणि भोकं लांबट झाली. मी पिन खोचून बघितली. ती दुधाच्या दातासारखी हलत होती. तीनला दहा मिनिटं कमी होती. पहिली बाजू बाराची झाली होती, म्हणून मी पट्टी सहावर आणली आणि वरची उरलेली भोकं नीट पाडली. तेवढ्यात वीज गेली आणि शेड एकदम शांत झाली.

करायला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. ती फळी बाजूला टाकायची, शुक्रवारी सकाळी नवी कापायची, सगळी भोकं पुन्हा. म्हणजे कपाट शनिवारी तयार होणार नाही. म्हणजे बाबांना शाळेत फोन करून सांगावं लागणार, की माझ्या मुलीनं पट्टी सरकावली नाही. सरांना आधीच वाटत होतं की ही थट्टा आहे.

मी भुसा चाळला, गोंदात कालवला आणि काडीनं त्या सहा भोकांत ठासून भरला. शुक्रवारी बाबा यायच्या आधी जाऊन तिथेच पुन्हा भोकं घेतली, हलक्या हातानं, आठ एमएम. वरून सॅंडपेपर. पिन घट्ट बसली. संबंध फळीवर सगळ्यात गोल, सगळ्यात स्वच्छ दिसणारी भोकं तीच होती. बाबांनी जोडताना त्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “छान काम झालंय.”

संध्याकाळी विटा आल्या. बाबांनी विचारलं, “मोठ्या बाटल्यांची फळी हीच ना?”

मी फळी चौथ्या घरात लावली होती. सुतळीच्या गाठीप्रमाणे ती तिसऱ्यात यायला हवी होती. तिसरं घर भुशाचं होतं, चौथं खरं.

“हो,” मी म्हटलं.

मी हात टेकवला. बाबांनी विटा रचल्या आणि मोजायला लागले. एरवी मीही बाबांबरोबर आकडे पुटपुटायचे आणि शंभरला हसू फुटायचं. त्या दिवशी मी पुटपुटले नाही. माझ्या हाताला काहीही होणार नव्हतं. बाबा तीस, एकतीस म्हणत होते आणि मी त्यांच्या चपलांकडे बघत होते. शंभर झाल्यावर त्यांनी माझा हात उचलून थोपटला.

शनिवारी टेम्पोतून मी आणि बाबा कपाट घेऊन गेलो. प्रयोगशाळा तळमजल्यावर, मोठ्या खिडक्या, ओटे पुसून ठेवलेले. बाबा सरांशी बोलायला ऑफिसात गेले. मावशींनी सुतळी काढली, गाठ पिनेला लावून बघितली.

“अगं, ही एक घर वर लागलीय. बाटलीचं बूच वरच्या फळीला अडेल. एक घर खाली घे.”

मी म्हणू शकले असते, की वरचीच फळी आणखी वर घेऊ. म्हणू शकले असते, की तिसरं घर खराब आहे. मी चारही पिना काढल्या आणि तिसऱ्या घरात खोचल्या. दोन बाहेरच्या भिंतीत, त्या पक्क्या. दोन मधल्या फळीत. माझ्याच अंगठ्यानं दाबल्या.

मावशी मोठ्या बाटल्या लावायला लागल्या. काचेची बुचं, तपकिरी काच. शेवटची बाटली त्यांनी ठेवली आणि दूर कुठेतरी काहीतरी जमिनीवर आपटल्यासारखं झालं. खिडक्यांच्या काचा वाजल्या. मग कपाटातल्या बाटल्या, एकमेकींना लागून, बारीक आवाजात.

मी मागे सरकले. मावशी हसल्या.

“फायरिंग चाललंय. तोफांचा सराव. आमच्याकडे पाहुणे येतात ना, पहिल्या दिवशी दचकतात. चौथ्या दिवशी विचारतात, आज शांत का?”

“रोज असतं?”

“रोज नाही. पण लागलं की चार-पाच दिवस लागतं. सोमवारीपण आहे म्हणाले हे.”

दुसरा धक्का आला. बाटल्या पुन्हा वाजल्या. शेडमध्ये आम्ही विटा ठेवून शंभर आकडे मोजत होतो. विटा हलत नाहीत. देवळालीत शाळेचं कपाट दिवसभर थरथरणार आहे, हे तीस वर्षं नाशकात राहून बाबांनाही सुचलं नव्हतं. खऱ्या भोकांना त्यानं काही झालं नसतं. गोंदातल्या भुशाला काय होईल, हे मला बघावं लागणार नव्हतं. मला ते कळत होतं. बाबा दारातून म्हणाले, “चला, झालं?” आणि मी म्हटलं, “झालं.”

रविवारी मी घरी एक पत्रक लिहीत होते. अंबडकडच्या एका कारखान्यात प्रेसखाली एकाची बोटं गेली होती. बाबांचे जुने सहकारी म्हणाले, तू लिही, तुझी भाषा धारदार आहे. मी आदल्या आठवड्यात पहिलं वाक्य लिहून ठेवलं होतं: हा अपघात नाही, कुणाला तरी आधीपासून माहीत होतं. मला त्या वाक्याचा भारी अभिमान वाटला होता. रविवारी मी ते वाचलं आणि पुढे लिहायला बसले. सकाळ गेली, दुपार गेली. आईनं विचारलं, ताप आहे का? मी पेन घेऊन बसले होते आणि मला सारख्या मावशी दिसत होत्या, चष्मा न घालता, लेबल वाचायला तोंड पुढे नेणाऱ्या.

मी तेव्हाही उठले नाही. शाळा रविवारी बंद असते, असं मी म्हटलं. शाळेत फोन बंद असतो, असं म्हटलं. मावशींचं घर कॅम्पात कुठे ते माहीत नाही, असंही म्हटलं. यातली पहिली दोन कारणं खरी होती.

सोमवारी घरी काही न सांगता मी सीबीएस स्टँडवरून देवळालीची बस धरली. बस कॅम्पाच्या जवळ आली तेव्हा पहिला धक्का ऐकू आला. शेजारी पिशवी घेऊन बसलेल्या बाईनं मानही वर केली नाही. मग लगेच दुसरा. मी धक्के मोजायला लागले. स्टॉप येईपर्यंत अकरा झाले. स्टॉपपासून शाळेपर्यंत मी पळत गेले, आणि पळताना मोजणं चुकलं.

मावशी कपाटासमोर उभ्या होत्या. नवी साडी, हातात फडकं. मोठ्या बाटल्यांच्या फळीसमोर त्यांचं तोंड, एक वीत अंतरावर.

“अगं, तू? बरं झालं आलीस,” त्या म्हणाल्या. “हे बघ ना. नव्या लाकडाला कीड लागते का? सकाळपासून दोनदा पुसलं. हे सांडतंच आहे.”

खालच्या फळीवर, चंबूंच्या मध्ये, चिमूटभर पिवळट भुसा होता. वर पाहिलं तर मधल्या फळीतली पुढची पिन अर्धी बाहेर आलेली. तिच्याभोवती गोंदाची चकती सुटून उभी होती, नखासारखी.

“मावशी, मागे व्हा.”

“का गं?”

“आधी मागे व्हा.”

त्या दोन पावलं मागे सरकल्या. मी पुढे होऊन दोन्ही हात फळीखाली घातले, मधल्या टोकाला, आणि वर दाबलं. वजन हातावर आलं. ते कमी नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर तपकिरी काच होती आणि काचेच्या आत काहीतरी तेलासारखं सावकाश हलत होतं.

“पिन सुटतेय. मी धरते, तुम्ही एकेक बाटली काढा. माझ्या बाजूची आधी. ओट्यावर ठेवा.”

मावशींनी फडकं खांद्यावर टाकलं. बाटलीच्या बुडाखाली एक हात, गळ्याला दुसरा. एक. दोन. तिसरीला धक्का आला. काचा वाजल्या, फळी माझ्या तळव्यांवर थरथरली आणि पिन निघून खाली चंबूंत पडली, टिंग करून. मावशी थांबल्या, बाटली छातीशी धरून.

“थांबू नका,” मी म्हटलं.

चौथी बाटली काढताना त्यांनी विचारलं, “पण तुला घरी बसून कसं कळलं?”

सरळ प्रश्न होता. खोटं उत्तरही सरळ होतं. काल आठवलं, शंका आली, म्हटलं बघून यावं. मावशींनी ते मानलं असतं, वर चहा पाजला असता.

“गुरुवारपासून माहीत होतं,” मी म्हटलं. “भोकं आरपार गेली होती. मीच पाडली. भुसा भरून लपवलं. बाबांना माहीत नाही.”

त्यांनी ती बाटली ओट्यावर ठेवली. मग पाचवी. मग सहावी. दोन बाटल्या राहिल्या तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “शनिवारी मी सांगितलं एक घर खाली घे. तेव्हाही?”

“हो.”

“तू पिना लावल्यास, मी बाटल्या ठेवल्या. तू इथेच उभी होतीस.”

“हो.”

शेवटची बाटली निघाली. मी हात काढले. रिकामी फळी क्षणभर तशीच राहिली, मग मधलं टोक सटकलं आणि ती खालच्या चंबूंवर आदळली. तीन चंबू फुटले. काचा ओट्यापर्यंत उडाल्या. फळीची कड जिथे आपटली तिथे खोल खाच पडली.

मी बोलायला लागले. माझ्याकडे शब्द नेहमीच तयार असतात. जबाबदारी म्हणाले, विश्वासघात म्हणाले, मी स्वतः सरांसमोर उभी राहीन, माझ्यामुळे कुणाही कष्टकरी बाईच्या—

“ए,” मावशी म्हणाल्या. “पत्रक नको वाचूस. झाडू आण.”

सर आले तेव्हा ओट्यावर ॲसिडच्या बाटल्यांची रांग होती आणि मी काचा गोळा करत होते. तपासणीला अर्धा तास होता. ते आधी मावशींवरच ओरडले. बाई, नवीन कपाट दोन दिवसांत मोडलंत? मी मध्ये पडून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मावशींनाच म्हणाले, “तुम्ही माल घेतानाच बघून घ्यायला नको?” मावशी “हो सर” म्हणाल्या. त्या ‘हो सर’वर मी आजवर तीन वेळा लिहायला घेतलंय. प्रत्येक वेळी ते सरांविरुद्ध झालं आणि मी फाडून टाकलं, कारण त्यात मी फार चांगली दिसते.

दुपारी शेडमध्ये बाबांना सांगितलं. ते करवतीला तेल लावत होते. मला वाटलं होतं ओरडतील, मी तयारी केली होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, फडक्याची घडी केली.

“सोमवारी गेलीस,” ते म्हणाले. “रविवारी का नाही?”

मी म्हटलं, शाळा बंद होती.

“मावशींचं घर नव्हतं माहीत?”

मी करवत उचलून खिळ्याला टांगली. शुक्रवारच्या शंभर आकड्यांबद्दल त्यांनी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही कधी नाही. कोणत्या घरात फळी होती ते त्यांना समजलं असणार. त्यानंतर कित्येक महिने शेडमध्ये विटा आल्या की ते स्वतःच हात टेकवायचे, भोकं कुणीही पाडलेली असोत, आणि आकडे मिस्तरीकाका मोजायचे.

नवी मधली फळी मी मंगळवारी केली. मिस्तरीकाका नामपूरहून परत आले होते, ते समोर स्टुलावर बसून राहिले. “तुनं ध्यान कोठे व्हतं, पोरी?” एवढंच एकदा म्हणाले. पट्टी सरकाव म्हणून त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. मी ती आठवर आणली, फूटपट्टीनं मोजली, पुन्हा मोजली. एकही आवाज पातळ झाला नाही. बुधवारी आम्ही जाऊन ती बसवली. बाबांनी फळीवर विटांऐवजी शाळेतलीच वजनं ठेवली आणि त्या दिवशी फायरिंग होतं म्हणून तासभर कपाटासमोर उभे राहिले. पिन तसूभर हलली नाही. मावशी तेव्हा दुसऱ्या टोकाला परीक्षानळ्या धूत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

पावसाळा संपताना त्याच शाळेच्या ग्रंथालयाला दोन खुर्च्या दुरुस्त करायच्या होत्या. बोलावणं बाबांना होतं, ते आजारी म्हणून मी गेले. जाताना प्रयोगशाळेवरून गेले. वर्ग चालू होता. मुलं ओट्यांशी उभी, आणि सरांनी काहीतरी मागितलं म्हणून मावशी कपाटाकडे आल्या. आता त्यांच्या नाकावर चष्मा होता. कपाट जसंच्या तसं, फळी सरळ, सुतळीच्या गाठीबरहुकूम.

त्या कपाटासमोर उभ्या राहिल्या नाहीत. बाजूला, भिंतीला खांदा लावून उभ्या राहिल्या, एक हात लांब करून आत घातला, बोटांनी बाटली चाचपली, आणि ती उचलताना तोंड पूर्ण दुसरीकडे, खिडकीकडे फिरवून डोळे मिटले. लेबल त्यांनी बाटली ओट्यावर ठेवल्यावर वाचलं. ती चुकीची निघाली. त्यांनी परत भिंतीला खांदा लावला, परत तोंड फिरवलं.

खिडकीच्या या बाजूला मी होते. डोळे उघडल्यावर त्यांनी मला पाहिलं, ओळखलं, आणि दुसरी बाटली घेऊन सरांकडे गेल्या.